कॅप्चर कार्ड घेताना खोक्यावरचा कुठला आकडा वाचायचा

कन्सोलवरचा खेळ १०८०पी मध्ये, सेकंदाला ६० फ्रेमने रेकॉर्ड करायचा, एवढीच गरज घेऊन कॅप्चर कार्ड, म्हणजे कन्सोलचं चित्र आणि आवाज संगणकात उतरवणारं यंत्र, शोधायला बसलं की एकाच पानावर दोन वस्तू शेजारी शेजारी दिसतात. एक हजार रुपयांच्या आतला, पेन ड्राइव्हएवढा डाँगल. दुसरी दहा हजारांच्या पुढची डबी. दोन्हींवर ठळक अक्षरांत '४के' लिहिलेलं असतं, दोन्हींना एका बाजूला एचडीएमआय आणि दुसऱ्या बाजूला यूएसबी. मला तीन कन्सोलसाठी हार्डवेअर निवडायचं होतं: प्लेस्टेशन ५, निन्टेन्डो स्विच आणि जुना प्लेस्टेशन ३. ते करताना एक गोष्ट पक्की झाली. खोक्यावरचा ४के हा आकडा बहुतेक वेळा कार्डात काय शिरू शकतं ते सांगतो, फाईलमध्ये काय उतरेल ते सांगत नाही. ते कळायचं तर कार्डाकडून संगणकाकडे जाणारी वाट किती रुंद आहे हे आधी बघावं लागतं.

त्याच्याही आधी, कार्ड खरंच लागणार आहे का हे तपासून घ्यावं. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरवरच्या क्रिएट बटणाने मागच्या एक तासापर्यंतचा खेळ थेट कन्सोलमध्येच जपून ठेवता येतो, तोही हवा तर ४के मध्ये. अधूनमधून एखादी मॅच ठेवायची असेल तर एवढं पुष्कळ झालं. स्विचवर मात्र ही सोय शेवटच्या ३० सेकंदांची आणि ७२०पी ची आहे. शिवाय खेळ बनवणाऱ्यांनी रेकॉर्डिंगला बंदी घातलेले प्रसंग कन्सोल स्वतः टिपत नाही, कन्सोलचे स्वतःचे मेनूही वगळतो. सलग दोन-तीन तासांचं रेकॉर्डिंग, लाइव्ह स्ट्रीम, किंवा मेनूपासून सगळं दाखवणारा शिकवण्याचा व्हिडिओ करायचा असेल तर कार्डाला पर्याय नाही.

आता हिशेब. १०८०पी च्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. कार्डं चित्र कच्च्या रूपात, म्हणजे न दाबता पाठवतात तेव्हा बहुधा वाययूवाय२ किंवा एनव्ही१२ या दोन स्वरूपांत पाठवतात. पहिल्यात दर पिक्सेलला सरासरी २ बाइट लागतात, दुसऱ्यात दीड. ६० फ्रेमने गुणलं की पहिल्याला सेकंदाला सुमारे २४९ मेगाबाइट, दुसऱ्याला सुमारे १८७ मेगाबाइट वाट लागते. यूएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट देतो आणि प्रत्यक्ष हातात ३५ ते ४० पडतात. म्हणजे यूएसबी २.० वरून १०८०पी ६० कच्चं येऊच शकत नाही. यूएसबी ३.० कागदावर ५ गिगाबिट, हातात साधारण ३५० ते ४०० मेगाबाइट. त्यात ते आरामात मावतं.

हाच हिशेब ४के ला लावला की चित्र आणखी स्पष्ट होतं. ४के ३० फ्रेम एनव्ही१२ मध्ये सुमारे ३७३ मेगाबाइट, म्हणजे ५ गिगाबिटच्या पोर्टवर काठोकाठ. ४के ६० फ्रेम म्हणजे सुमारे ७४६, त्याला १० गिगाबिटचा पोर्ट हवा. त्यावर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराच्या जास्त छटा असलेलं चित्र, कच्चं हवं असेल तर दर पिक्सेलला ३ बाइट धरून जवळपास १४९३ मेगाबाइट होतात, आणि तिथे १० गिगाबिटही पुरत नाही. मदरबोर्डवर बसणारं पीसीआय एक्स्प्रेसचं कार्ड लागतं. दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारावा: 'यूएसबीतून कुठल्या स्वरूपात, किती फ्रेम बाहेर येतात?' 'एचडीएमआयमध्ये ४के चालतं का' या प्रश्नाला सगळेच 'हो' म्हणतात.

स्वस्त डाँगल त्या ४० मेगाबाइटच्या वाटेतून काम कसं चालवतात? प्रत्येक फ्रेमचा जेपेग करून. याला एमजेपेग म्हणतात. या वर्गातल्या बहुसंख्य डाँगलांमध्ये एमएस२१०९ ही चिप असते. ती आत ४के ३० पर्यंतचा सिग्नल घेते, म्हणून खोक्यावर ४के. बाहेर मात्र नेहमीची मजल १०८०पी ला ३० फ्रेम किंवा ७२०पी ला ६० फ्रेम. लाल किंवा निळी बारीक अक्षरं काळ्या पार्श्वभूमीवर आली की कडा फुटलेल्या दिसतात, आणि खेळातले आरोग्याचे पट्टे, गोळ्यांचे आकडे, सबटायटल्स यांत हे पटकन डोळ्यांत येतं. या चिपचा आवाजाचाही एक दोष सर्वश्रुत आहे. ४८ किलोहर्ट्‌झचा स्टिरिओ ती ९६ किलोहर्ट्‌झचा मोनो म्हणून संगणकाला सांगते. त्यामुळे डावा-उजवा आवाज एकत्र होतो आणि वेगळी उठाठेव केल्याशिवाय स्टिरिओ मिळत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये खेळ दाखवणं, एखाद्या मित्राला पडद्यावरची अडचण दाखवणं यासाठी हा डाँगल चांगलाच आहे. जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगसाठी घेऊ नये.

याच आकारात एमएस२१३० चिपचे डाँगलही मिळतात. ते खरे यूएसबी ३.० असतात आणि १०८०पी ६० वाययूवाय२ मध्ये देतात. अडचण अशी की बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. यूएसबीच्या तोंडातलं प्लास्टिक निळं असलं म्हणजे ३.० असं समजू नये. निळं प्लास्टिक लावलेले २.० चे डाँगल बाजारात भरपूर आहेत. खरं काय ते संगणकच सांगतो. विंडोजवर यूएसबी डिव्हाइस ट्री व्ह्यूअर हे छोटं फुकट साधन उघडावं, मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीचं पान बघावं. कार्डासमोर ४८० मेगाबिट दिसलं तर ते २.० वर चालतंय, ५ गिगाबिट दिसलं तर ३.० वर. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्येही पुरावा मिळतो. व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइसच्या गुणधर्मांत रिझोल्यूशन 'कस्टम' करून १९२०x१०८० निवडावं आणि स्वरूपांच्या यादीत वाययूवाय२ समोर किती फ्रेम मिळतात ते बघावं. पाच मिळत असतील तर वाट अरुंद आहे.

मात्र ४८० दिसलं की लगेच कार्डाला दोष देऊ नये. चांगलं यूएसबी ३.० कार्डसुद्धा तीन कारणांनी २.० वर उतरतं. पहिलं, मोबाइलच्या चार्जरसोबत येणारी टाइप-सी वायर. त्यांतल्या बऱ्याच वायरींत फक्त २.० च्या तारा असतात, दिसायला त्या तशाच, पण वेगवान जोड्या आतमध्ये नाहीतच. कार्डाच्या खोक्यातलीच वायर वापरावी. दुसरं, लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट. तो टाइप-सी आहे याचा अर्थ वेगवान आहे असा होत नाही; काही लॅपटॉपवर तो फक्त चार्जिंग आणि २.० पुरता असतो. तिसरं, प्लग अर्धवट आत जाणं. यूएसबी ३.० च्या टाइप-ए प्लगमध्ये वेगवान पाच संपर्क आतल्या बाजूला असतात. सावकाश किंवा अर्धवट घातला तर पुढचे चार २.० चे संपर्क आधी लागतात आणि कार्ड तिथेच स्थिरावतं. काढून एका झटक्यात पूर्ण आत घातला की ५ गिगाबिटवर येतं. हबवर वेबकॅम, बाहेरची डिस्क आणि कार्ड एकत्र लावू नये, सगळ्यांची वाट एकच असते. डेस्कटॉपच्या पुढच्या पॅनलपेक्षा मदरबोर्डच्या मागचे पोर्ट भरवशाचे.

यूएसबी २.० वर १०८०पी ६० चांगल्या दर्जाचं देणारा एक वेगळा प्रकारही आहे. कार्डातच एच.२६४ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारी चिप, असतो आणि ते तयार दाबलेला व्हिडिओ पाठवतं. एव्हरमीडियाचं लाइव्ह गेमर पोर्टेबल २ प्लस, म्हणजे जीसी५१३, या जातीचं. त्याला संगणकही लागत नाही; मायक्रोएसडी कार्ड घालून थेट त्यावर रेकॉर्ड होतं. जुना, अशक्त लॅपटॉप असेल किंवा कन्सोल मित्राकडे नेऊन रेकॉर्ड करायचं असेल तर माझं मत या प्रकाराच्या बाजूने आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एन्कोड होऊन येणाऱ्या चित्राला उशीर जाणवण्याइतका असतो, त्यामुळे लॅपटॉपच्या पडद्याकडे बघून खेळता येत नाही, आणि स्ट्रीममध्ये स्वतःचा आवाज व वेबकॅम तेवढाच मागे सरकवावा लागतो. दुसरं, मेमरी कार्ड एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेलं असेल तर एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही. कार्डाला चालत असेल तर एक्सफॅट करावं.

पीसीआय एक्स्प्रेसचं कार्ड डेस्कटॉप कायम एका जागी असेल तरच. १०८०पी साठी त्याचा वेगळा असा फायदा नाही. ४के ६० एचडीआर रेकॉर्ड करायचं असेल तेव्हा त्याला तोड नाही, पण घेण्याआधी मदरबोर्डवर चार लेनचा रिकामा स्लॉट आहे का आणि ग्राफिक्स कार्डाच्या जाडीखाली तो झाकला तर जात नाही ना, हे केस उघडून बघावं.

यानंतर प्रश्न पासथ्रूचा. कन्सोलची एचडीएमआय वायर कार्डात येते आणि कार्डातून दुसरी वायर टीव्हीला जाते. खेळायचं ते टीव्हीकडे बघून. ओबीएसमधलं चित्र फक्त रेकॉर्डिंगची खात्री करायला. कन्सोल टीव्हीला ओळखतो तो टीव्हीने पाठवलेल्या ईडीआयडी नावाच्या माहितीवरून: मी किती रिझोल्यूशन घेतो, एचडीआर घेतो का, १२० हर्ट्‌झ घेतो का. मध्ये कार्ड आलं की कन्सोलला ही माहिती कार्डाच्या मर्यादेत कापून मिळते. म्हणून एल्गाटोच्या जुन्या एचडी६० एसमधून वायर नेली की ४के टीव्हीवरही प्लेस्टेशन ५ गुपचूप १०८०पी वर येतो आणि एचडीआरचा पर्याय नाहीसा होतो. रेकॉर्डिंगच्या बाबतीत ते कार्ड आजही चोख आहे, पण टीव्हीवरच्या चित्राची किंमत मोजून.

म्हणून पासथ्रूचा आकडा आणि रेकॉर्डिंगचा आकडा वेगवेगळे वाचावेत. एल्गाटो एचडी६० एक्स आणि एव्हरमीडिया लाइव्ह गेमर अल्ट्रा, म्हणजे जीसी५५३, या दोन्हींचं टीव्हीकडे जाणारं चित्र ४के ६० एचडीआर असतं आणि रेकॉर्डिंग १०८०पी ६० किंवा ४के ३० पर्यंत. पीएस ५ आणि स्विच या जोडीसाठी हीच पायरी योग्य ठरली. जास्तीचे पैसे रेकॉर्डिंगच्या रिझोल्यूशनसाठी मोजण्यापेक्षा टीव्हीवरचं चित्र अबाधित ठेवण्यासाठी मोजावेत, असं मला वाटतं. १०८०पी ६० ची नितळ फाईल बहुतेकांना पुरते. ४के १२० फ्रेमने खेळायची सवय असेल तर मात्र एचडीएमआय २.१ चं पासथ्रू असलेली कार्डं, म्हणजे एल्गाटो ४के एक्स किंवा एव्हरमीडियाचं जीसी५५३जी२, हीच बघावी लागतात. त्यासोबत अल्ट्रा हाय स्पीडची खूण असलेल्या दोन वायरीही हव्यात. पीएस ५ च्या खोक्यात अशी एकच येते.

कार्ड लावलं, टीव्हीवर चित्र आलं आणि ओबीएसमध्ये काळं, हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. बहुधा कारण एचडीसीपी असतं, म्हणजे नक्कल रोखणारी कुलूपबंद जोडणी. पीएस ५ वर सेटिंग्ज, सिस्टिम, एचडीएमआय या वाटेने गेलं की 'एनेबल एचडीसीपी' दिसतं, ते बंद करायचं. पीएस ४ वर ते सिस्टिमच्या यादीतच आहे. ही सोय त्याला २०१४ मधल्या १.७० अपडेटने मिळाली. बंद असताना नेटफ्लिक्ससारखी ॲप आणि ब्लू-रे चालणार नाहीत, सिनेमा बघताना परत चालू करायचं. स्विच आणि एक्सबॉक्स खेळांना हे कुलूप लावत नाहीत, फक्त व्हिडिओच्या ॲपना लावतात. तरीही काळंच दिसत असेल तर कन्सोल १०८०पी वर, एचडीआर आणि व्हीआरआर (खेळाच्या फ्रेमनुसार टीव्हीचा दर बदलणारी सोय) बंद करून बघावं. चित्र आलं तर कार्डाला न झेपणारा सिग्नल जात होता. आणि हेही बघावं की कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर मागे उघडं नाही ना. एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या हाती कार्ड लागतं, दुसऱ्याला काळं मिळतं.

स्विचची गंमत वेगळी. भारतात तो अधिकृतपणे विक्रीला आला नाही, त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा परदेशातून आणलेला अमेरिकन वा जपानी ॲडाप्टरचा संच बहुतेकांकडे असतो. ॲडाप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त पिनचा कन्व्हर्टर लागतो. तो ढिला असला की डॉकचा, म्हणजे स्विच टीव्हीला जोडणाऱ्या साच्याचा, वीजपुरवठा क्षणभर तुटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये काळा पट्टा येतो. डॉकला टीव्हीवर चित्र काढण्यासाठी १५ व्होल्ट, २.६ अँपिअर लागतात. मोबाइलच्या साध्या चार्जरने स्विच चार्ज होईल, पण एचडीएमआयवर काहीच येणार नाही, आणि माणूस उगीच कार्डात दोष शोधत बसतो. स्विच लाइटमधून एचडीएमआय निघतच नाही. त्याच्यासाठी कार्ड घेऊ नये.

वायरी जोडण्याबद्दल आपल्याकडे एक काळजी खास घ्यावी लागते, ती अर्थिंगची. पीएस ५ ची पॉवर केबल दोन पिनांची आहे, टीव्हीची बहुधा तशीच, आणि डेस्कटॉपची तीन पिनांची. दोन पिनांच्या उपकरणांचा धातूचा भाग जमिनीच्या तुलनेत तरंगत्या व्होल्टेजवर असतो. ओल्या हाताने एचडीएमआयचं तोंड चाचपलं की मुंग्या येतात त्या याच. प्रवाह अगदी थोडा, पण जोडतानाच्या क्षणी तो एचडीएमआयच्या नाजूक चिपमधून गेला तर पोर्ट जाऊ शकतो. टीव्हीला केबलची किंवा डिशची वायर लावलेली असेल तर धोका वाढतो. म्हणून कन्सोल, टीव्ही, संगणक सगळं अर्थिंग खरोखर चालू असलेल्या एकाच तीन पिनांच्या एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावं, बोर्ड बंद ठेवून एचडीएमआय जोडाव्यात आणि मग चालू करावं. जुन्या चाळीत किंवा वाड्यात सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे तार नसते. इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावं. आवाजात ५० हर्ट्‌झची घरघर येत असेल तरी पहिला संशय इथेच घ्यावा.

आता ओबीएस. व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस घेतल्यावर सगळं 'ऑटो'वर न सोडता रिझोल्यूशन, फ्रेम आणि स्वरूप हाताने ठरवावं. कलर स्पेस ७०९ ठेवावी. ६०१ झाली तर लाल-हिरव्या रंगांच्या छटा सरकतात. कलर रेंजमध्ये, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांच्या पल्ल्यात, सर्वाधिक घोळ होतात. कन्सोल लिमिटेड, म्हणजे १६ ते २३५ पाठवत असेल आणि ओबीएस त्याला फुल समजत असेल तर काळा रंग राखाडी, धुक्यातल्यासारखा दिसतो. उलट झालं तर अंधारातले तपशील काळ्यात गडप होतात. तपासायला गुहेचा किंवा रात्रीचा प्रसंग लावून टीव्ही आणि ओबीएस शेजारी शेजारी बघावेत. सगळेच रंग फिके पडले असतील, नुसता काळा नव्हे, तर ते रेंजचं काम नाही. एचडीआर सिग्नल साध्या चित्रासारखा वाचला जातोय. कार्डात एचडीआरचं साध्यात रूपांतर होत असेल तर ते चालू करावं, नाही तर कन्सोलवर एचडीआर बंद.

फ्रेमचा दर ६० ठेवायचा की ५९.९४? पीएस ४ आणि पीएस ५ एचडीएमआयवर ५९.९४ सोडतात. ओबीएस ६० वर असेल तर दर १६.७ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा लिहिली जाते. संथ सरकणाऱ्या दृश्यात तो बारीक धक्का जाणवतो. ओबीएसच्या यादीत ५९.९४ आहे, तो निवडावा.

आवाज येतच नसेल तर कन्सोलवर ऑडिओ फॉरमॅट लिनिअर पीसीएम, म्हणजे न दाबलेला, करावा. साउंडबारसाठी डॉल्बी किंवा डीटीएस लावलेलं असतं, बहुतेक कार्डांना ते उलगडता येत नाही आणि शांतता मिळते. विंडोज, कार्ड आणि ओबीएस तिन्हींकडे ४८ किलोहर्ट्‌झ ठेवावं. एखादं ४४.१ वर राहिलं की कडकड ऐकू येते किंवा तासाभराच्या रेकॉर्डिंगच्या शेवटी ओठ आणि शब्द वेगळे पडतात.

कार्ड परत करण्याची मुदत असेपर्यंत एक चाचणी नक्की करावी. ६० फ्रेमने चालणारा खेळ घ्यावा, उदाहरणार्थ स्विचवर मारिओ कार्ट ८ डिलक्स एकट्याने. झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड घेऊ नये, मूळ स्विचवर तो ३० फ्रेमचा आहे, मग कन्सोल ६० हर्ट्‌झ सोडत असला तरी प्रत्येक फ्रेम दोनदा येते आणि निष्कर्ष चुकतो. अर्धा मिनिट वळणदार रस्ता रेकॉर्ड करावा, फाईल व्हीएलसीमध्ये उघडावी आणि ई ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जावं. रस्त्याच्या कडेचा एखादा खांब धरावा. तो प्रत्येक दाबाला सरकला तर खरे ६० मिळत आहेत. एकदा सरकतो, एकदा थांबतो, असं होत असेल तर फाईलवर ६० लिहिलेलं असलं तरी कार्ड ३० च देतंय. त्याच फाईलमध्ये मेनूतला 'टक' आवाज आणि निवडीची चौकट सरकलेली फ्रेम जुळवून बघावी. एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद, चित्र आवाजाच्या चार फ्रेम मागे असेल तर ओबीएसच्या प्रगत ऑडिओ गुणधर्मांत ६७ मिलिसेकंद घालावेत. माइकचा आवाज थेट येतो, चित्र कार्डातून फिरून येतं, म्हणून माइकसाठी हा आकडा वेगळा काढावा लागतो.

डिस्कचा अंदाज: ५० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला साडेबावीस जीबी, २० मेगाबिटने ९ जीबी. फाईल एमकेव्हीमध्ये ठेवावी. वीज गेली किंवा लॅपटॉप अडकला तर तोवरचं सगळं वाचतं, साध्या एमपी४ चं शेवटचं पान लिहायचं राहून गेलं की पूर्ण फाईल उघडत नाही. नंतर ओबीएसमधूनच रिमक्स करून, म्हणजे नुसतं वेष्टन बदलून, एमपी४ करता येतं, त्यात दर्जा कमी होत नाही.

राहिला पीएस ३. त्याच्या एचडीएमआयवरचं एचडीसीपी बंद करण्याची सोयच नाही, म्हणून वरच्यांपैकी कुठलंही नवं कार्ड त्याच्यासाठी निरुपयोगी. सरळ रस्ता मागच्या एव्ही मल्टी पोर्टमधून निघणाऱ्या कम्पोनंट केबलचा, म्हणजे चित्र तीन वेगळ्या तारांतून नेणाऱ्या जुन्या जोडणीचा. त्यासाठी २००८ चा हॉपॉज एचडी पीव्हीआर किंवा २०१२ चा एल्गाटो गेम कॅप्चर एचडी वापरलेल्या मालात शोधावा. एल्गाटोच्या डबीवरचं ए/व्ही इन नेहमीच्या गोल प्लगांचं नाही, वेगळ्या आकाराचं आहे. सोबतची खास केबल विकणाऱ्याकडे नसेल तर घेऊ नये. एचडी पीव्हीआरला नेहमीचे पाच गोल प्लग लागतात, आत यायला पाच आणि टीव्हीकडे जायला पाच. तो एच.२६४ मध्ये जास्तीत जास्त १३.५ मेगाबिटने लिहितो. लिनक्सच्या कर्नेलमध्येच त्याचा ड्रायव्हर आहे, ही जुन्या यंत्राच्या बाबतीत मोठीच जमेची बाजू. पॉवर ॲडाप्टर मूळचा आहे का ते बघावं.

पाच प्लगांत दोन लाल असतात. एक चित्राचा, एक उजव्या कानाच्या आवाजाचा. त्यांची अदलाबदल झाली की चित्र हिरवट दिसतं आणि उजव्या बाजूने भुणभुण येते. केबलमध्ये हिरवा, निळा, लाल हे तिघं एकत्र जखडलेले आणि लाल-पांढरा वेगळे सुटलेले असतात, त्यावरून ओळखावं. एचडीएमआय काढून कम्पोनंट लावल्यावर पडदा काळा राहतो, कारण पीएस ३ अजून एचडीएमआयवरच चित्र टाकत असतो. कन्सोल स्टँडबायमध्ये, लाल दिव्यावर असताना पॉवरचं बटण दुसरी पीप ऐकू येईपर्यंत दाबून धरावं, म्हणजे तो नव्या जोडणीवर येतो. मग डिस्प्ले सेटिंग्जमध्ये कम्पोनंट निवडून ७२०पी वर खूण करावी. १०८०आय नको, पीएस ३ चे बहुतेक खेळ मुळात ७२०पी किंवा त्याहून कमीत रंगवले जातात, आणि एकाआड एक ओळींच्या चित्रात वेगवान हालचालीला दातेरी कडा येतात. आवाजाच्या सेटिंगमध्येही एव्ही मल्टी निवडायचं विसरू नये. नव्या टीव्हींना कम्पोनंटची जागा असेलच असं नाही. नसेल तर जुना एलसीडी टीव्ही शोधणं हे कन्व्हर्टर घेण्यापेक्षा बरं, कन्व्हर्टरमुळे खेळताना उशीर जाणवतो.